अंड्याची टरफलं, व्हिनेगर आणि कॅल्शियमचा गवगवा

गेल्या काही वर्षांत मोबाईलवर एक पाककृती गावोगाव फिरते आहे. अंड्याची टरफलं भाजा, कुटा, व्हिनेगरमध्ये टाका, फेस येऊन गेला की गाळून घ्या. झालं घरगुती कॅल्शियम तयार! टोमॅटोचा बुडाचा काळा डाग गेला, मिरचीची फूलगळ थांबली, भुईमूग भरला, सगळं या एका बाटलीने होतं असं सांगतात. आता तर हे पाणी काही ठिकाणी लेबल चिकटवून विकलं जातं. शेतकरी बंधु-भगिनींनो, यात खरं किती आणि फेस किती, हे एकदा नीट मोजून पाहू.

गंमत म्हणजे हा प्रश्न आमच्याकडे पहिल्यांदा आला तो दिंडोशीहून. दिंडोशी म्हणजे मुंबईच्या गोरेगाव-मालाडच्या पूर्वेचा भाग. आज तिथे टॉवर आहेत, चाळी आहेत, २०२२ पासून मेट्रोचं स्टेशन आहे. तिथे शेती कुठली, असं कुणी म्हणेल. पण शेजारीच आरे आहे. आरे म्हटलं की लोकांना ऑक्टोबर २०१९ ची झाडतोड आठवते, फार तर १९४९ साली वसवलेली दूध वसाहत आणि तिथले तबेले. त्याच आरेत आदिवासींचे पाडे आहेत आणि पावसाळ्यात तिथे काकडी, शिराळी, दुधी, भेंडी पिकते. शिवाय दिंडोशीच्या इमारतींच्या गच्चीवर कुंड्यांतून टोमॅटो लावणारी मंडळीही वाढली आहेत. पाड्यावरचा शेतकरी आणि गच्चीवरच्या ताई, दोघांचा प्रश्न एकच होता: "साहेब, फळ बुडाला काळं पडतंय, अंड्याचं पाणी मारू का?"

उत्तर मात्र दोघांना वेगळं द्यावं लागतं.

आधी झाडात कॅल्शियम चालतं कसं ते बघू. नत्र किंवा पालाश कमी पडलं तर झाड जुन्या पानातून काढून नव्या पानाला देतं. कॅल्शियमचं तसं होत नाही. ते मुळातून पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथे पोचलं तिथेच मुक्काम करतं. म्हणून कमतरता दिसते ती नव्या शेंड्यावर आणि कोवळ्या फळावर. पान वाऱ्या-उन्हात भरपूर पाणी उडवतं, त्यामुळे त्याच्याकडे पाण्याचा ओढा जास्त. फळ कमी पाणी उडवतं, म्हणून त्याच्या वाट्याला कॅल्शियम कमी. त्यात चार दिवस रान कोरडं आणि पाचव्या दिवशी पाट भरून पाणी, असं झालं की फळाच्या बुडाच्या पेशी उपाशी राहून मरतात. तोच काळा, चामड्यासारखा बसका डाग. बऱ्याच वेळा जमिनीत कॅल्शियम भरपूर असतं, ते फळापर्यंत पोचत नाही इतकंच. असल्या ठिकाणी वाफसा सांभाळणं आणि बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करणं हेच खरं औषध. शेणाची ताजी रबडी किंवा युरिया जास्त झाला तरी हाच त्रास वाढतो. तबेल्यालगतच्या भाजीवाल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं, कारण तिथे शेण फुकट मिळतं आणि फुकटचं खत माप पाहून कोणी घालत नाही.

गच्चीवरची गोष्ट निराळी. कुंडीत बहुधा नारळाच्या भुशाचा कोकोपीट असतो. तो कॅल्शियम स्वतःकडे धरून ठेवतो आणि पालाश, सोडियम सोडतो. वर मुंबईच्या नळाला येतं ते तलावात साठलेलं पावसाचं पाणी, म्हणजे मऊ पाणी. देशावरच्या बोअरच्या जड पाण्यातून पिकाला आपोआप बरंच कॅल्शियम मिळतं, ते इथे नाही. अशा दहा-वीस कुंड्यांना अंड्याच्या टरफलाचं पाणी खरोखर उपयोगी पडतं.

आता त्या पाण्याचा हिशोब. अंड्याचं टरफल साधारण ५ ते ६ ग्रॅमचं, आणि ते जवळजवळ सगळं चुनखडीच. म्हणजे एका अंड्यामागे कॅल्शियम २ ग्रॅमच्या आसपास. बाजारातलं व्हिनेगर ४ ते ५ टक्क्यांचं असतं. असं एक लिटर व्हिनेगर फार तर ३५ ते ४० ग्रॅम टरफल विरघळवू शकतं, म्हणजे सात-आठ अंडी. त्यातून मिळालं १५-१६ ग्रॅम कॅल्शियम. आणि एक किलो कॅल्शियम नायट्रेटमध्ये? सुमारे १९० ग्रॅम, शिवाय वर नत्र. म्हणजे एका किलोच्या पुडीची बरोबरी करायला जवळजवळ १२ लिटर व्हिनेगर आणि शंभराच्या आसपास अंडी हवीत. किराणा दुकानात व्हिनेगरचा भाव विचारा, म्हणजे 'घरचं ते स्वस्त' हे इथे कसं उलटं होतं ते कळेल.

तरीही करायचंच असेल तर नीट करावं. टरफलं धुऊन, तव्यावर हलकी भाजून, बारीक कुटून घ्यावीत. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात व्हिनेगरमध्ये थोडी थोडी टाकावीत. झाकण घट्ट लावू नये, वायू सुटतो. फेस थांबला आणि तळाशी थोडं टरफल न विरघळता उरलं, तर समजावं की आम्ल संपलं. हे महत्त्वाचं आहे, कारण उरलेलं आम्ल पान जाळतं. गाळून लिटरभर पाण्यात १० ते २० मिली घ्यावं, आधी दोन-चार पानांवर मारून दोन दिवस थांबावं, मग संध्याकाळी फवारावं. फवारा कोवळ्या फळावर बसला पाहिजे, पानावर मारलेलं कॅल्शियम फळात उतरत नाही. काळं पडलेलं फळ काही बरं होत नाही, ते तोडूनच टाकावं. डीएपीचं पाणी किंवा मॅग्नेशियम सल्फेट यात मिसळू नये, फाटतं आणि नोझल तुंबतो. काही जण व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस वापरतात. त्यात जो पांढरा गाळ बसतो तोच बराचसा कॅल्शियमचा असतो आणि आपण वरचं पाणी मारतो! पानात खायच्या चुन्याची निवळी सरळ फवारणारेही भेटतात. ती फार तिखट असते, कोवळा शेंडा भाजून निघतो. असले प्रयोग नकोत.

शेताच्या मापाने बघितलं तर गोष्ट आणखी स्पष्ट होते. भुईमुगाची शेंग कॅल्शियम मुळाकडून घेत नाही, मातीत शिरलेली आरी आणि शेंग स्वतःच ते आजूबाजूच्या मातीतून शोषते. म्हणून पानावरच्या फवाऱ्याने पोचट शेंगा भरत नाहीत. आऱ्या सुटायच्या वेळी बुडाशी जिप्सम पडलं पाहिजे. हेक्टरी २०० ते ४०० किलोची शिफारस आहे, निम्मं पेरणीला आणि निम्मं आऱ्या सुटताना. ७० टक्के शुद्धतेच्या २०० किलो जिप्सममध्ये सुमारे ३२ किलो कॅल्शियम येतं. अंड्यांच्या भाषेत १६,००० अंडी. एवढी टरफलं गोळा करायची म्हणजे भुर्जीच्या गाड्यांचं अख्खं गाव लागेल.

आणि सगळ्यात मोठा धोका देशावर आहे. सोलापूर, नगर, मराठवाडा इथल्या कित्येक जमिनी चुनखडीच्याच. सामू ८ च्या वर. तिथे टरफलाची पूड किंवा चुना टाकणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. पूड विरघळत नाही, आणि चुना वाढला की लोह अडकून पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोहाची बाटली घ्यायची! कोकणात, जिथे दोन-दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जमिनीतला चुना धुऊन नेतो आणि जांभी माती आम्ल होते, तिथे मात्र चुना, चुलीची राख, शिंपल्यांची पूड या सगळ्याला अर्थ आहे. तोही सामू मोजून.

इथेच गावच्या कारभाऱ्यांचं काम येतं. २०१५ पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेवर १२ गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. यात कॅल्शियम नाही. त्यामुळे 'तुमच्या जमिनीत कॅल्शियम कमी आहे' असं पत्रिका दाखवून कोणी सांगत असेल तर तो अंदाजाने बोलतो आहे. पण त्याच पत्रिकेवरचा सामू बघून निम्मं उत्तर मिळतं. साडेसातच्या वर असेल तर कॅल्शियमची बाटली विकत घ्यायचं कारण बहुधा नाही, पाण्याच्या पाळ्या तपासाव्यात. साडेपाच-सहाच्या खाली असेल तर प्रयोगशाळेतून कॅल्शियम-मॅग्नेशियम वेगळं तपासून घ्यावं.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २,४८१ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाला मंजुरी दिली. त्यात देशभर १०,००० जैव निविष्ठा केंद्रं उभी करायची आहेत. कल्पना चांगली आहे. बीजामृतात मूठभर चुना पूर्वीपासून आहेच, त्याला कोणाची हरकत नाही. पण अशा केंद्रावर उद्या टरफलाचं कॅल्शियम बाटलीत भरून ठेवलं, तर त्यावर कॅल्शियम किती टक्के आणि लिटरला किती मिली हे छापलेलं असलं पाहिजे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी आणि सरपंचांनी केंद्राला जागा देतानाच ही अट ठरावात घालून घ्यावी. आरेच्या पाड्यांना ती सोय नाही. मुंबई उपनगर जिल्ह्याला जिल्हा परिषद नाही, पाड्यांना ग्रामपंचायत नाही. तिथल्या भाजीवाल्यांनी दोन-चार जणांत मिळून मातीचा एक-एक नमुना पिशवीत भरावा आणि ठाण्याच्या कृषी कार्यालयात चौकशी करून पावसाळ्याआधी तपासायला द्यावा.