नको असलेले फोन



मळणीच्या ऐन घाईत कर्ज, विमा, प्लॉट विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले की माणूस वैतागून फोनच बंद करून ठेवतो. तसे करू नका. नेमका तेव्हाच अडत्याचा किंवा जनावरांच्या डॉक्टरांचा फोन चुकतो.

त्यापेक्षा आपल्याच मोबाइलवरून १९०९ ला फोन करावा. नाहीतर इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून, जागा सोडून शून्य टाकावे आणि तो मेसेज १९०९ ला पाठवावा. पैसे पडत नाहीत. घरातल्या प्रत्येक नंबरासाठी हे वेगळे करावे लागते. आजीचा फोन विसरू नका. दुपारी घरी ती एकटी, आणि ही मंडळी तिच्याशीच गोड बोलतात. बँकेतल्या जमाखर्चाचे मेसेज पूर्वीसारखेच येत राहतात. तरीही जाहिरातीचा फोन आलाच तर सात दिवसांत १९०९ वरच तक्रार करावी. २०२५ पूर्वी ही मुदत तीनच दिवसांची होती.

चोर मात्र या नोंदीला जुमानत नाही. ‘पीएम किसानचा हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा’ असे कोणी म्हणाले की फोन ठेवून द्यावा. पैसे गेलेच, तर गावात विचारपूस करत बसू नका. त्याच घडीला १९३० ला फोन लावा.