खेळ बदलण्याची मुभा

३० ऑक्टोबर २०२५ रोजी नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा काढल्या, ३३९ धावांचे लक्ष्य गाठले गेले आणि तीन दिवसांनी त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला नमवून भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला. नवी मुंबईकरांना हे नव्याने सांगायला नको. मात्र हीच मुलगी कुमारवयात महाराष्ट्राकडून हॉकी खेळत असे, याचा विचार आपण पालक आणि शिक्षक फारसा करीत नाही. दोन्ही खेळ बरोबरीने चालवीत तिने पुढे क्रिकेट निवडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने नाबाद २०२ धावा केल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ती भारतीय संघात आली. तिचे वडील स्वतः क्रिकेट प्रशिक्षक होते, महानगरात मैदाने हाताशी होती, हेही नोंदवले पाहिजे.

म्हणून आम्हाला अधिक जवळचे वाटते ते ललिता बाबरचे उदाहरण. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावची ही शेतकऱ्याची मुलगी शाळेत खो-खो खेळे. पुढे ती लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळली. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वेळा पहिली आली. एवढे यश मिळाल्यावर कोणीही तेथेच थांबले असते. तिने स्टीपलचेस धरली : तीन हजार मीटर अंतर, वाटेत अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरच्या सात उड्या. २०१४ साली इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्यपदक, २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या प्राथमिक फेरीत ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम आणि अंतिम फेरीत दहावे स्थान. धावपट्टीवरील शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत भारतीय महिला पोहोचली ती पी. टी. उषानंतर, म्हणजे ३२ वर्षांनी.

आपल्याकडे अशा वळणाला ‘धरसोड’ म्हणतात. हा शब्द आम्हीही वापरला आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील, वसतिगृहात राहणाऱ्या नववीच्या एका मुलीने खो-खो सोडून धावण्याच्या शिबिरास जाण्याची परवानगी मागितली. जिल्हा स्पर्धा तोंडावर होती. संघाची ती भरवशाची खेळाडू. आम्ही तिला थांबवले. स्पर्धा पार पडली, शिबिरही संपले आणि तिने पुन्हा विचारले नाही. तो निर्णय चुकीचा होता, असे आज आमचे स्पष्ट मत आहे. संघाची गरज आम्ही पाहिली, मुलीची पाहिली नाही.

सधन घरातील मूल चार खेळ करून पाहते, त्याला आपण हौस म्हणतो. वसतिगृहातील मुलाने दुसरा खेळ मागितला की त्याला शिस्त आठवून दिली जाते. हा भेद आम्हाला मान्य नाही. अर्थात रोज नवा हट्ट पुरवावा, असेही आम्ही म्हणत नाही. एक हंगाम नेटाने खेळून मगच मुलाने निर्णय घ्यावा. परंतु निर्णय त्याचा असावा आणि त्यासाठी शाळेतील जागा किंवा सवलत धोक्यात येऊ नये. माजी विद्यार्थी मैदानासाठी देणगी देऊ इच्छितात, असे ऐकतो. त्यांनी एकाच खेळाचे साहित्य न देता धावण्याचे बूट, हॉकीच्या काठ्या आणि दोन-तीन बॅटी एकत्र द्याव्यात, आणि त्या खोलीची किल्ली मुलांच्याच हाती असावी.