दगड फोडता येतो, आवाज जपावा लागतो



आपल्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. येता-जाता लोकांनी पाहावं, नाव घ्यावं म्हणून. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात मेरिडियन गावाजवळ जेम्स चेनी या काळ्या तरुणाची कबर आहे. तिच्या दगडाची इतक्या वेळा नासधूस झाली की शेवटी मागून लोखंडी आधार द्यावा लागला. मारून झालं, तरी दगडाचीही भीती वाटते!

चेनी २१ वर्षांचा होता. सोबतचा मायकेल श्वर्नर २४ चा, अँड्र्यू गुडमन २० चा. हे दोघे न्यूयॉर्कचे गोरे. आपल्या पोरांच्याच वयाचे. काळ्या लोकांची नावं मतदार यादीत यावीत म्हणून ते काम करत होते. सभेला जागा देणारं एक चर्च जाळलं गेलं, ते पाहायला तिघे गेले. २१ जून १९६४ चा दिवस. पोलिसाने पकडलं, रात्री सोडलं, मग त्यानेच रस्त्यात पुन्हा गाठून गोऱ्यांच्या टोळीच्या हवाली केलं. ४४ दिवसांनी मातीच्या बांधाखाली तिघांची प्रेतं सापडली.

७ ऑगस्टला चेनीच्या अंत्यविधीत डेव्ह डेनिस हा कार्यकर्ता बोलायला उभा राहिला. शांतपणे बोल, असं त्याला सांगितलेलं होतं. पण समोर चेनीचा लहान भाऊ रडत होता. ते पाहून डेनिसला राहवलं नाही. जे मनात होतं तेच तो बोलला. कॅमेरा चालू होता म्हणून ते भाषण आजही ऐकता येतं. इंग्रजी न कळणाऱ्यालाही तो आवाज ऐकून समजतं की काय झालं होतं.

त्याच काळात ॲलन रिबॅक नावाचा माणूस टेप रेकॉर्डर घेऊन तिकडच्या सभांमध्ये फिरला. भाषणं, गाणी, प्रार्थना, सगळं त्याने भरून घेतलं. त्या टेप आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. बर्निस रेगन ही बाई स्वतः चळवळीत गाणारी, तुरुंगात जाऊन आलेली. तिने १९८० मध्ये अशा सभांतली गाणी निवडून तीन तबकड्यांचा संच काढला. म्हणजे टेप नुसत्या कपाटात राहिल्या नाहीत, पुन्हा लोकांच्या कानावर गेल्या.

पण टेप असून भागत नाही. या चळवळीवर १९८७ मध्ये ‘आइज ऑन द प्राइझ’ नावाची मोठी माहितीपट मालिका निघाली. तिच्यात वापरलेल्या चित्रांच्या आणि गाण्यांच्या परवानग्यांची मुदत संपली, आणि कित्येक वर्षं ती टीव्हीवर दाखवता येईना. मोठी रक्कम उभी करून परवानग्या पुन्हा घेतल्या, तेव्हा २००६ मध्ये ती परत दिसली. ज्यांच्या रक्ताची गोष्ट, त्यांनाच ती दाखवायला परवानगी लागली.

आता एक गोष्ट टेपची नाही, कागदाची आहे. पण आपल्याला ती लगेच कळेल. मेडगर एव्हर्स या काळ्या पुढाऱ्याला १२ जून १९६३ ला त्याच्या घरासमोर गोळी घातली. १९६४ मध्ये दोनदा खटला चालला, दोन्ही वेळा सगळ्या गोऱ्या पंचांचं एकमत झालं नाही. खुनी मोकळा. पुढे केस उघडायची म्हटलं तर सरकारकडे साक्षींचे कागदच सापडेनात. एव्हर्सची बायको मर्ली हिने नक्कल जपून ठेवली होती. ती तिने काढून दिली, आणि १९९४ मध्ये खुन्याला जन्मठेप झाली. चेनी आणि साथींच्या खटल्यातही २००५ मध्ये, मेलेल्या साक्षीदारांचे १९६७ चे जबाब कोर्टात वाचून दाखवले. ४१ वर्षांनी एका आरोपीला शिक्षा झाली.

म्हणून आम्ही म्हणतो, जपलेला आवाज म्हणजे फोटोला घातलेला हार नाही. तो पुरावा आहे.

आता आपलं बघू. मागच्या महिन्यात संघटनेच्या पेटीतल्या जुन्या कॅसेट काढल्या. दोन बुरशीने गेलेल्या. एकीवर कुणीतरी लग्नाची गाणी भरलेली. एकीवर एक बाई रेला गाते. मारल्या गेलेल्या साथीचं गाणं आहे, ऐकून अंगावर काटा येतो. पण बाई कोण, गाव कोणतं, साल कोणतं, काही लिहिलेलं नाही. ही चूक फॉरेस्टवाल्यांची नाही, पोलिसांची नाही. आपली आहे.

तर प्रत्येक गावाने एवढं करावं. रेकॉर्डिंग सुरू करताना आधी नाव, गाव, तारीख तोंडाने बोला, नंतर कव्हरवर लिहा. कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या पट्ट्या मोडून टाका, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. पावसाळ्याआधी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. स्पीकरजवळ ठेवू नका, त्यात चुंबक असतो. एका कॅसेटच्या तीन नकला करा. एक गावात, एक संघटनेकडे, एक जिल्ह्याबाहेरच्या भरवशाच्या माणसाकडे. बाहेरचे कुणी रेकॉर्डिंग करायला आले तर खुशाल करू द्या, पण एक नक्कल गावाला देणार आणि ग्रामसभेला विचारल्याशिवाय विकणार नाही, हे आधी लिहून घ्या. आणि घरच्यांना विचारा. केस चालू असेल, साक्षीदार जिवंत असेल, तर त्याचं नाव असलेली टेप चारचौघांत वाजवू नका. आवाज जपताना माणूस गमवायचा नाही.

बाकीची टेप वर्षातून एकदा गोटुलात लावा. पोरांना ऐकू द्या. त्यांनी विचारलं, हा कोण होता, तर सांगणारं कुणीतरी शेजारी बसलेलं असू द्या.

त्या रेला गाणाऱ्या बाईचा आवाज कुणाला ओळखता येत असेल, तर येत्या बैठकीला या. कॅसेट लावणार आहोत.

जिंदाबाद!