गाडीतला टेप घेताना

घरात सेकंड हँड गाडी आली की महिन्याभरात मुले टेपचा विषय काढतात. साताऱ्यात काय, सांगलीत काय, कार डेकोरच्या दुकानात शिरले की नजर आधी मोठ्या टचस्क्रीनवर जाते. आम्ही म्हणतो, आधी काय ऐकायचे ते ठरवा, मग काय घ्यायचे ते.

आपल्या घरांत प्रवासात तिलावत, नात, बयान लागते. मुले गाणी लावतात, मधेच फोन येतो. हे सारे मोबाइलमध्येच असते. त्यासाठी ब्लूटूथ, यूएसबी आणि वेगळ्या वायरचा माईक असलेला साधा टेप पुरतो. पेन ड्राइव्ह फॅट ३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा. स्वस्त टेप बहुधा तोच वाचतात. खंबाटकी घाटात रेडिओ खरखरला तर तो कामी येतो. घरातल्या बुजुर्गांना सांगली आकाशवाणी मध्यम लहरींवर ऐकायची असेल, तर टेपमध्ये एफएमबरोबर एएम आहे का ते विचारा. नव्या टेपमध्ये ते बरेचदा नसते.

खोक्यावर '५० वॅट गुणिले ४' असे मोठ्या अक्षरांत छापतात. तो आकडा क्षणभराच्या जोराचा. सतत मिळणारी ताकद 'आरएमएस' म्हणून बारीक अक्षरांत असते आणि ती बहुधा १५ ते २२ वॅटच भरते. म्हणून दोन टेपची तुलना आरएमएसवरच करा. पुढच्या दारांतल्या जुन्या स्पीकरचा कागद फाटला असेल, तर टेप थोडा स्वस्तातला घ्या आणि उरलेल्या पैशांत स्पीकरची जोडी बदला. आवाजातला फरक तिथे जास्त कळतो.

जाण्याआधी डॅशबोर्डवरची जागा मोजा. रुंदी सुमारे १८० मिलिमीटर असते. उंची ५० असेल तर सिंगल डिन, १०० असेल तर डबल डिन. मोठ्या स्क्रीनला वेगळी फ्रेम लागते, तिचे पैसे वेगळे.

पैसे वाचवू नयेत ते फिटिंगवर. गाडीच्या मूळ वायरी कापून चिकटपट्टीने जोडू देऊ नका. आपल्या मॉडेलचा कपलर मागा. तो टेपच्या मानाने स्वस्तच असतो. उघडा जोड घासला की शॉर्ट सर्किट होते, आणि त्याच गाडीत आपली मुलेबाळे बसतात. टेपच्या मागचा फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा बसवा, तार गुंडाळू देऊ नका. पिवळी वायर थेट बॅटरीची, लाल चावीची. दोन्ही बॅटरीला जोडल्या, तर गाडी बंद असतानाही टेप बॅटरी खातो.

दुकानातून निघण्याआधी चावी बंद करून पाहा. टेप बंद व्हायला हवा आणि पुन्हा चालू केल्यावर रेडिओची स्टेशने लक्षात राहायला हवीत. पक्के बिल आणि शिक्का मारलेले वॉरंटी कार्ड घ्या. हप्त्यावर मोठी स्क्रीन घेऊन मुलांची फी मागे ठेवणे हा इस्राफच. चालवणाऱ्यासमोर व्हिडिओ तर नकोच.