पट्ट्याची पत

माझ्याजवळ पिस्तूल नाही. माझं शस्त्र म्हणजे स्टेपलर, आणि तोही बँकेचा. पण कमरेच्या पट्ट्यावर बोलायचा अधिकार मला आहे. काउंटरच्या काचेतून म्हसवडकरांचा छातीपासून कमरेपर्यंतचा भागच मला रोज दिसतो.

मागे एक कंत्राटदार आले. स्लिपवर दोन आकडे लिहायचे की डाव्या हाताने पँट वर ओढायची, असा क्रम चालला होता. तेवढ्यात शर्ट वर सरकला आणि परवान्याचं रिव्हॉल्वर दिसलं. ते लोंबत होतं यात्रेतल्या हातगाडीवरच्या पट्ट्याला! वरून चामडं, आत पुठ्ठा, बक्कलापाशी पापुद्रे सुटलेले.

"अण्णा, एवढी किमती वस्तू आणि दीडशेचा पट्टा?"

"पट्टा कोण बघतंय, साहेब?"

इथेच माझं डोकं फिरतं. 2014 साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी हलकं म्हणून 'निर्भीक' रिव्हॉल्वर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. हे हलकं! अर्धा किलो साखर कमरेला बांधून एस. टी. स्टँडपर्यंत जाऊन या, म्हणजे कळेल. लेचापेचा पट्टा पिळतो, होल्स्टर बाहेर कलतं, मूठ शर्टातून डोकावते, आणि माणूस सारखा तिथे चाचपत राहतो. त्यातून वस्तू निसटलीच, तर पडत्या वस्तूला झडप घालायची आपल्याला खोड. हात नेमका घोड्यावर पडला तर? मागे पेन्शनच्या रांगेत म्हाताऱ्या उभ्या असतात हो!

आमचे वॉचमन पलटणीतून आलेले. सगळे त्यांना मेजर म्हणतात. त्यांची परीक्षा सोपी आहे. पट्ट्याचं एक टोक धरून तो कडेवर आडवा धरायचा. दुसरं टोक मान टाकू लागलं की दुकानदाराला परत. दोन पदरी, दोन्ही कडांना शिवण, रुंदी दीड इंच, आणि होल्स्टरच्या बंदात घट्ट बसणारा, नाहीतर होल्स्टर कमरेभर फिरतं. माप घ्यायचं ते होल्स्टर लावून. आणि यासाठी मुंबई गाठायला नको. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जी. आय. मानांकन मिळालं, त्यात आपले सातारा-सांगलीही आहेत. बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावलेलं ते चामडं. चपला शिवणाऱ्याला सांगा, पट्टा शिवून देईल. नातवापर्यंत टिकेल.

पण शिवून घेतो कोण? मजबूत पट्टा पिस्तूल अंगाशी धरतो, म्हणजे ते दिसत नाही, आणि दिसलं नाही तर लग्नात मधल्या रांगेतला सोफा कसा मिळणार? 2016 च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे: सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि ताब्यात हवं. आमचे लोक परवान्यावरचा शिक्का तेवढा वाचतात. वरातीत आनंदाच्या भरात बार काढून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तरी वरातीत शर्ट मागे खोचलेलाच!

मी अण्णांना हे सगळं ऐकवलं. मेजरांनी पट्ट्याची परीक्षाही करून दाखवली. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे कुणाला कळणारच नाही?"

"अजिबात नाही."

"मग परवान्यासाठी एवढ्या खेपा कशाला घातल्या?"

परवा पुन्हा आले. पँट ओढत नव्हते. मला आनंद झाला. वाकून पाहिलं, तर पट्टा तोच. पँट नवी होती, एक नंबर लहान.