आधी आरसी, मग सौदा

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि जुन्या ट्रॅक्टरचा बाजार बिथरला. विकणारे म्हणतात, गिऱ्हाईक लाखभर पाडून मागते. घेणारे म्हणतात, मालक पोळ्याच्या वेळच्या भावाला चिकटून बसला आहे.

हिशोब साधा आहे. करापूर्वीची किंमत १०० धरली तर ११२ ला पडणारा ट्रॅक्टर आता १०५ ला पडतो. म्हणजे उतार सव्वासहा टक्के. नऊ लाखांच्या ट्रॅक्टरमागे ५६,२५० रुपये. त्याच मॉडेलचा वापरलेला ट्रॅक्टर ऑगस्टमध्ये पाच लाखांना जात असेल, तर याच प्रमाणात तो सुमारे ३१ हजारांनी उतरावा. लाखाने नव्हे. जीएसटीचे नाव सांगून लाख पाडणारे दलाल आणि रुपयाही न सोडणारे मालक, दोघेही चुकतात. टायर आणि सुट्या भागांवरचा कर तर १८ वरून ५ वर आला. तेव्हा ‘मागचे टायर नवे टाकलेत’ म्हणून जुने बिल पुढे करणाऱ्याला आजचा दर दाखवा. गुळगुळीत टायरापोटी पैसे कापायचे असतील, तर तेही आजच्याच दराने कापा.

यंत्र कसे पारखायचे हे आमच्या वाचकाला सांगायला नको. थंड इंजिनला सेल्फ, ब्रीदरचा धूर, नांगर उचलून इंजिन बंद केल्यावर लिफ्ट किती वेळ धरते, पुढच्या एक्सलचा खेळ. फक्त मीटरच्या तासांवर भाव ठरवू नका; केबल तुटली की मीटर आहे तिथेच थांबतो. त्यापेक्षा काम विचारा. साखर कारखान्यावर दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्याचे क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स घरच्या रानात चाललेल्यापेक्षा लवकर जातात. आणखी एक पाहावे लागेल. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागात घरादारांत पाणी शिरले. पाण्यात उभा राहिलेला ट्रॅक्टर धुऊन-रंगवून समोर आला, तर गिअरबॉक्सचे ऑइल काढून पाहिल्याशिवाय आकडा बोलू नका. ऑइल दुधाळ असेल तर समजून घ्या.

पण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत इंजिनाच्या थोड्या. बहुतेक कागदाच्या. नेहमीचे प्रकरण असे. ट्रॅक्टर २०१४ चा. पहिल्या मालकाने कर्ज फेडले, पण आरसीवरचा बोजा उतरवला नाही. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून त्याने तो दुसऱ्याला दिला. दुसऱ्याने तेच फॉर्म तिसऱ्याच्या हाती ठेवले. आता तिसरा विकायला निघाला आहे. आरटीओ एमएच-१६ चे असो की एमएच-१७ चे, खिडकीवर उत्तर एकच: वाहन १ एप्रिल २०१९ च्या आधीचे आहे, आधी एचएसआरपी नंबरपाटी लावा, तोवर बोजा उतरणार नाही आणि नावही बदलणार नाही. पाटीचे ४५० रुपये आणि वर कर, हे पैसे कोणालाही जड नाहीत. अडचण पुढे आहे. ऐन ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर फिटमेंट सेंटरवर न्यायचा. पाटी बसली की ऑनलाइन अर्ज, त्याचा ओटीपी नोंदीतल्या मोबाइलवर. तो नंबर पहिल्या मालकाचा. कधी बंद, कधी नोंदलेलाच नाही. मध्यंतरी वित्तसंस्थेची शाखा हललेली असते आणि एनओसीसाठी पुन्हा पहिल्या मालकालाच शोधत फिरावे लागते.

पाटीची मुदत ३१ मार्च २०२५ ची होती. ती त्याच वर्षी वाढत ३० जून, १५ ऑगस्ट आणि मग ३० नोव्हेंबर झाली. म्हणजे पाट्या वेळेत बसत नाहीत हे खात्यालाही मान्य आहे. मग ज्याने पाटीचे पैसे भरून तारीख घेतली आहे, त्याचे हस्तांतर कशासाठी अडवता? पावती जोडून अर्ज घ्या आणि पाटी बसल्यावर आरसी द्या. एवढे करायला कोणता कायदा आडवा येतो, ते परिवहन खात्याने लेखी सांगावे. हंगामात आरटीओची माणसे, पाटी बसवणारे आणि वित्तसंस्थेचे प्रतिनिधी एका दिवशी कारखान्याच्या गव्हाणीजवळ बसले, तर प्रवरानगर, सोनई, भेंडे, संगमनेरला शेकडो ट्रॅक्टर आयते उभे असतात.

खात्याला बोलतो तेवढेच आपल्या लोकांनाही बोलायला हवे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. किती जण कळवतात? ‘फॉर्म सह्यांचे दिलेत, माझा संबंध संपला’ असे मानणाऱ्या मालकांनी नीट ऐकावे: नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नगर–मनमाड रस्त्यावर रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर कोणी आदळला, तर नोटीस तीन हातांपूर्वी विकून मोकळे झालेल्या माणसाच्या दारात येईल.

म्हणून यंत्राचा भाव वेगळा बोला, कागदाचा वेगळा. इसार देण्याआधी आरसी, बोजा, विमा आणि चेसिस नंबर पडताळा. ट्रॉलीला पासिंग आहे का तेही बघा. आरसी नावावर होईपर्यंत रकमेचा पाचवा हिस्सा राखून ठेवा आणि तसे सौदापत्रात लिहा. मालक कागद स्वच्छ करून देत असेल, तर त्याला वाढीव पैसे द्यायला कचरू नका. ते त्याच्या कष्टाचे आहेत.

आणि एक विनंती. घोडेगाव, वांबोरीच्या कांद्याचा भाव संध्याकाळपर्यंत सगळ्या जिल्ह्याला कळतो. ट्रॅक्टरचा सौदा मात्र अजून बैलबाजारातल्यासारखा रुमालाखालीच होतो. खरा आकडा फक्त दलालाला माहीत असतो आणि त्याच्या जोरावर तो दोन्हीकडून खातो. वर्षभरात ज्यांनी ट्रॅक्टर घेतला किंवा विकला, त्यांनी आम्हाला कळवावे: मॉडेल, साल, एचपी, काम शेतीचे की कारखान्याचे, टायर किती टक्के, बोजा होता की नव्हता, आणि प्रत्यक्ष हातात पडलेली रक्कम. कोणाचेही नाव छापणार नाही. महिनाअखेरपर्यंत येतील तेवढे आकडे पुढच्या अंकात तालुकावार लावू.