खडीच्या शर्यतीत रुंद टायरची सरशी

अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील एम्पोरिया हे गवताळ टेकड्यांच्या टापूतले एक लहान शहर. तेथील फ्लिंट हिल्स भागातल्या कच्च्या रस्त्यांवर 2006 साली 200 मैलांची, म्हणजे सुमारे 322 किलोमीटरची सायकल शर्यत प्रथम झाली, तेव्हा तीत उतरलेले सायकलपटू जेमतेम 34 होते. ‘अनबाउंड ग्रॅव्हल’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या याच शर्यतीसाठी आता हजारो स्पर्धक तेथे लोटतात. शर्यतीपूर्वी त्यांच्यात हमखास रंगणारी चर्चा असते ती टायर किती रुंद लावायचा याची. प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. पण त्याच्या उत्तरावर शर्यतींचे निकाल फिरतात, आणि सायकल उद्योगाची एक नवी बाजारपेठही त्याच उत्तरावर उभी आहे.

ग्रॅव्हल बाइक म्हणजे शर्यतीच्या सायकलीसारखा वळवलेला हँडल, डिस्क ब्रेक आणि खडीवर टिकतील असे रुंद टायर असलेली सायकल. या प्रकाराचा बोलबाला सुरू झाला तेव्हा 35 ते 38 मिलिमीटर रुंदी पुरेशी मानली जाई. पुढे 40 हा जणू नियमच झाला, मग 45 आणि 50 ची भाषा सुरू झाली. गेल्या काही वर्षांत तर अनबाउंडच्या आघाडीच्या काही स्पर्धकांनी थेट माउंटन बाइकचे 2.1 ते 2.2 इंची, म्हणजे 53 ते 56 मिलिमीटरचे टायर लावले. सायक्लोक्रॉस या जुन्या चिखलशर्यतीत आजही 33 मिलिमीटरची मर्यादा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या बदलाचा वेग कळतो.

अरुंद टायर, त्यात ठासून भरलेली हवा आणि म्हणून अधिक वेग, असे समीकरण सायकल जगतात अनेक दशके रूढ होते. त्याला आधार होता प्रयोगशाळेचा. गुळगुळीत पोलादी पिंपावर टायर फिरवला की दाब जितका जास्त तितका विरोध कमी, असेच निष्कर्ष निघत. पण या प्रयोगात सायकलस्वार नसतो. खऱ्या रस्त्यावर प्रत्येक खड्याला कडक टायर उसळतो, तो हादरा माणसाच्या मांड्यांत आणि पाठीत जिरतो, आणि तिथे जिरलेली शक्ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. सिएटलच्या ‘बायसिकल क्वार्टर्ली’ या नियतकालिकाचे संपादक यान हाइने यांनी या शतकाच्या पहिल्याच दशकात प्रत्यक्ष रस्त्यावर चाचण्या घेऊन हे दाखवायला सुरुवात केली. त्या वेळी त्यांची बरीच टिंगल झाली. आता डांबरी रस्त्यांवरच्या व्यावसायिक शर्यतींतही 23 मिलिमीटरचे टायर इतिहासजमा होऊन 28 ते 32 मिलिमीटरचे आले आहेत.

मात्र रुंदीचा लाभ आपोआप मिळत नाही. तो हवेच्या दाबातून मिळवावा लागतो, आणि हौशी सायकलस्वारांची गफलत नेमकी येथेच होते. टायरच्या आवरणावर येणारा ताण दाब आणि रुंदी या दोहोंच्या गुणाकारावर ठरतो. 28 मिलिमीटरच्या टायरमध्ये दर चौरस इंचाला 70 पौंड हवा असताना आवरणाला जो ताण असतो, तोच 45 मिलिमीटरच्या टायरला सुमारे 44 पौंडांतच येतो. रुंद टायर घेऊन जुन्या सवयीने 70 पौंड हवा भरणाऱ्याने पैसे खर्चून अधिक जड आणि अधिक कडक चाक विकत घेतलेले असते. उलट 35 ऐवजी 45 मिलिमीटरच्या टायरमध्ये सुमारे 65 टक्के अधिक हवा मावते. त्यामुळे दाब उतरवला तरी रिम दगडावर आपटण्याची भीती कमी राहते. ट्यूबलेस टायरांनी ट्यूब चिमटली जाऊन होणारे पंक्चरही निकालात काढले, म्हणून हे आणखी सोपे झाले.

मग रुंदी वाढवतच का जाऊ नये? याचे उत्तर अनबाउंडनेच 2023 मध्ये दिले. पावसाने सुरुवातीच्याच टप्प्यात रस्त्याचा लगदा केला आणि जगातल्या नामांकित स्पर्धकांवर सायकली खांद्यावर घेऊन चालण्याची वेळ आली. चौकट आणि टायर यांच्यामधली फट जितकी लहान, तितके चाक लवकर जाम. एरवी फ्लिंट हिल्सच्या चकमकीच्या धारदार दगडांपुढे उपयोगी पडणारा रुंद टायर अशा वेळी गळ्यातला धोंडा ठरतो. शिवाय सगळीकडे कॅन्सस नसते. इटलीतील व्हेनेतो प्रांतात 2022 साली ग्रॅव्हलची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, ती बरीचशी सपाट, नदीकाठच्या सौम्य खडीवर. आणि तिच्यावर वर्चस्व राहिले ते रस्त्यावरच्या शर्यतीतल्या खेळाडूंचे. बेल्जियममध्ये 2024 साली मॅथ्यू व्हॅन डर पोलने जिंकलेल्या स्पर्धेतही डांबरी आणि फरसबंदी तुकडे भरपूर होते. अशा ठिकाणी वाऱ्याचा विरोध आणि वजन यांचा हिशेब पुन्हा पुढे येतो.

तेव्हा रुंदी ठरवायची ती मार्गाच्या सरासरीवरून नव्हे, तर त्यातल्या सर्वांत वाईट तुकड्यावरून. तिथे पंक्चर झाले तर पाच-दहा मिनिटे जातात; डांबरावर रुंद टायरमुळे गमावलेली मिनिटे त्या मानाने थोडी असतात. महाराष्ट्रातल्या हौशी सायकलस्वारालाही हे लागू पडते. घाटमाथ्यावरच्या मुरमाच्या वाटांना आणि बेसाल्टच्या सैल, टोकदार खडीला 45 मिलिमीटर शोभते. शहरात खड्डे चुकवत कार्यालय गाठणाऱ्याला 35 ते 40 पुरे. पावसाळ्यातली काळी माती मात्र कोणत्याच रुंदीला दाद देत नाही; बैलगाडीची चाके रुतवणारी ती माती सायकलीची फट सहज भरून टाकते.

उद्योगाचे हितसंबंधही येथे नजरेआड करता येत नाहीत. टायर काही हजारांत बदलता येतो, चौकट तशी बदलता येत नाही. 40 मिलिमीटरचीच जागा असलेली धडधाकट सायकल ‘जुनी’ ठरवली की नवी खपते. म्हणून खरेदी करताना सोबत आलेला टायर पाहण्यापेक्षा चौकटीत आणि पुढच्या चिमट्यात कमाल किती रुंदी मावते हे विचारणे अधिक शहाणपणाचे. तेही छापील आकड्यावर न जाता. आतून 25 मिलिमीटर रुंद असलेल्या रिमवर ‘40’ लिहिलेला टायर मोजपट्टीला 42 सुद्धा भरू शकतो, आणि दोन्ही बाजूंना चार ते सहा मिलिमीटर मोकळे राहायलाच हवेत. जुन्या चौकटीच्या मालकांपुढे 650बी या लहान व्यासाच्या चाकांचा एक पर्याय उरतो. त्यावर 47 मिलिमीटरचा टायर चढवला तरी बाहेरचा व्यास 700सी चाकावरच्या 28 मिलिमीटरच्या टायरइतकाच, 678 मिलिमीटर होतो. पण त्यासाठी मागच्या दांड्यांमध्ये आडवी जागा हवी, आणि ती नसेल तर दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी उपयोग नाही.